वाडा, खोली आणि आतली कडी

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही डोंबिवलीचे घर सोडले. आजोबांनी १९३८ साली बांधलेले ते घर. खाली चार खोल्या, वर तीन, पुढे ओटा, मागे विहीर आणि विहिरीला लागून पाच नारळ. आता आम्ही दादरला अडीच खोल्यांत राहतो. घर सोडण्याची कारणे कोणत्याही मराठी घरात सापडतील अशीच होती: तीन भावांचे वाटे, दर पावसाळ्यात गळणारे छप्पर, लोकलचा रोजचा प्रवास आणि आईच्या गुडघ्यांना न झेपणारा जिना. उखळ आणि जाते कोणी घ्यायला तयार होईना. पुस्तकांच्या तीन कपाटांपैकी दोन एका वाचनालयाला दिली. शेवटच्या रात्री आम्ही भावंडे ओट्यावर बसून बराच वेळ हळहळत राहिलो.

नव्या घरात आल्यावर आईने जो पहिला प्रश्न विचारला, तो मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. ‘माझ्या खोलीला आतून कडी आहे का रे?’ आम्ही हसलो, कडी दाखवली. रात्री उशिरा मनात हिशेब झाला, तेव्हा हसू ओसरले. सात खोल्यांच्या त्या घरात आईने पन्नास वर्षे काढली. ती माजघरात झोपत असे. तिचे कपडे जिन्याखालच्या ट्रंकेत असत. आतून कडी लावून बसता येईल अशी एकही खोली त्या घरात तिच्या नावाची नव्हती. आणि हे आमच्या कधी लक्षातही आले नव्हते.

मोठ्या घरातून लहान घरात येणे ही मराठी वाङ्मयातली जुनी गोष्ट आहे. ती आपण बहुधा गमावण्याची गोष्ट म्हणून वाचतो आणि तशीच शिकवतो. वाडा पडला, अंगण गेले, माणसे विखुरली, असा तिचा ठरलेला सूर. आईच्या प्रश्नानंतर आम्ही त्यातली काही परिचित पुस्तके पुन्हा काढली आणि त्यांच्या जोडीला घरांचा इतिहासही पाहिला. घर लहान झाल्याने काय गेले आणि काय मिळाले, याचे उत्तर त्या घरात आपण कोणाला विचारतो यावर अवलंबून आहे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

१.

प्रथम मोठ्या घराची रचना आठवू. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपे, दिवाणखाना, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली आणि शेवटी परसू. वाडा खणांत मोजला जाई. ही नावे लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते: प्रत्येक जागा कामाच्या नावाने ओळखली जाते, माणसाच्या नावाने नाही. कोठी धान्याची, देवघर देवांचे, बाळंतिणीची खोली बाळंतपणापुरती बाळंतिणीची. पुढचा भाग पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, मागचा बायकांचा, एवढी विभागणी होती; परंतु ‘ही माझी खोली’ असे म्हणण्याची सोय घरातल्या सुनेला नव्हती. दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलणे हाच जिथे मर्यादाभंग मानला जाई, तिथे जागा कितीही असली तरी दोघांना ती अपुरीच पडणार.

याची साक्ष रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीला शिकवायला घेतले, ते पुण्याच्या भरल्या घरात. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणे मुळीच रुचले नाही, आणि त्यांच्या टोमण्यांचा व अबोल्याचा सारा भार रमाबाईंवर पडला. पुढे १८७८मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि पतिपत्नींचा संसार पहिल्यांदा स्वतंत्र झाला. सरकारी अधिकाऱ्याचे ते घर काही खोलीएवढे नव्हते. तरी घरात माणसे कमी आणि देखरेख त्याहून कमी, एवढ्या फरकाने रमाबाईंचे वाचन मोकळे झाले. बदलीचा सरकारी हुकूम हा एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रीशिक्षणाचा एक अप्रसिद्ध साहाय्यक होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक आक्षेप येईल. बायकांच्या ओव्यांत थोर वाड्याचे केवढे तरी कौतुक आहे, त्याचे काय? कौतुक आहे, यात शंका नाही. पण तो वाडा बहुतेक वेळा माहेरचा असतो. लेकीला आठवतो तो वाडा आणि सुनेला दिसतो तो वाडा, भिंती त्याच असल्या तरी दोन वेगळी घरे आहेत. वाड्याविषयीची हळहळ वाचताना ती लेकीची, मुलाची की सुनेची, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो.

२.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. विधवांच्या दुःस्थितीची कादंबरी म्हणून ती अभ्यासक्रमात असते आणि ते योग्यच आहे. घर बदलण्याची कादंबरी म्हणूनही ती वाचता येते.

यमूचे माहेर आणि सासर ही दोन्ही भरलेली घरे. तिथे कोणाचे तरी कान प्रत्येक दाराआड आहेत. त्यानंतर ती नवऱ्याबरोबर मुंबईला येते, आणि कादंबरीची हवाच बदलते. हे मुंबईचे बिऱ्हाड थाटाचे नाही. दुसऱ्या कुटुंबाच्या सोबतीने राहायचे आहे. तरीही यमूच्या आत्मकथनातले सर्वांत मोकळे दिवस याच बिऱ्हाडातले. नवऱ्याशी बोलणे, वाचणे, समविचारी कुटुंबांत मिसळणे हे सारे तिथे घडते. पुढे नवरा जातो आणि तिला परत मोठ्या घराच्या ताब्यात जावे लागते. शंकरमामंजी तिचे बळजबरीने केशवपन करवतात, ते त्या घरात. वाडा, मग बिऱ्हाड, मग पुन्हा वाडा, असा हा प्रवास आहे, आणि कादंबरीतले सुख मधल्या, सर्वांत अरुंद जागेत आहे.

हरिभाऊंनी हे कुठे सिद्धांत म्हणून मांडलेले नाही. तथापि शंभराहून अधिक वर्षांनंतर पाहता, मराठी कादंबरीला पतिपत्नींचा मोकळा संवाद जिथे प्रथम दीर्घकाळ ऐकू आला, ती जागा मुंबईची होती आणि लहान होती, ही गोष्ट नोंदवण्याजोगी वाटते.

३.

त्या काळची मुंबई कशी होती? गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे. मुंबईवर मराठीत लिहिलेले ते पहिले विस्तृत पुस्तक. त्याआधी दहा वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांनी माणसे ओढून घेतली आणि त्यांच्यासाठी चाळी उठल्या. चाळीचा नकाशा सर्वांना ठाऊक आहे: एका ओळीत खोल्या, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, खोलीत कोपऱ्याला मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळींत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. ‘पण लक्षात कोण घेतो!’ पूर्ण झाली तेही हेच वर्ष.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती आणि कोंडलेली हवा यांवर त्याचा ठपका ठेवला गेला आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. त्याचबरोबर शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहतींची योजना केली. म्हणजे आम्ही ज्या दादरला ‘शहरात’ राहायला आलो, ते दादर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहराबाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी आखलेले उपनगर होते. पुढे ही हद्द सरकत गेली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुलुंड-दहिसरपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली. आमच्या आजोबांनी १९३८मध्ये डोंबिवलीला घर बांधले, तेव्हा त्यांच्या मुंबईच्या स्नेह्यांना ते रानात गेल्यासारखे वाटले असेल. आज डोंबिवलीच्या गर्दीतून दादरला यावे तर जरा निवांत वाटते. उपनगर हे नकाशावरचे स्थिर ठिकाण नाही. एका पिढीचे उपनगर पुढच्या पिढीचे शहर होते.

कामगारांसाठी सरकारने १९२०नंतर बी.डी.डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती, तळमजला धरून चार मजले, प्रत्येकीत ८० खोल्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. १९२१च्या जनगणनेत मुंबईत ढोबळमानाने दर दोन पुरुषांमागे एक स्त्री होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार खानावळीत जेवत होता, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत होता आणि त्याची बायको गावी शेत सांभाळत होती. कुटुंब घेऊन मुंबईत राहणे, मग ते एका खोलीत का असेना, ही अनेकांना न परवडणारी गोष्ट होती. ‘लहान घर’ म्हणताना हे विसरून चालणार नाही. त्या एका खोलीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे होती.

४.

एका खोलीने मराठी संसाराचे काय केले? सर्वांत प्रथम सोवळ्याचे कंबरडे मोडले. वाड्यात सोवळ्याला जागा लागे: वेगळे स्वयंपाकघर, वेगळी वाट, शिवाशिव टाळण्यापुरते अंतर. बाहेर बसलेल्या बाईला तीन दिवस बसायला ‘बाहेर’ असावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ‘बाहेर’ म्हणजे सामाईक गॅलरी. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे साधायला पिढ्या लागल्या, त्यातले काही चाळीच्या भिंतींनी निमूटपणे घडवून आणले. सगळेच झाले असे नाही. जातीजातींच्या चाळी वेगळ्या राहिल्या, खोली देताना आडनाव विचारले जात राहिले. अंतर घराच्या आत मावेनासे झाले, तेव्हा ते पुष्कळदा घराच्या दारावर येऊन बसले.

दुसरी गोष्ट कडीची. चाळीच्या खोलीला दार असते आणि दाराला आतून कडीही असते. पण दिवसा ती लावायची नाही, हा अलिखित नियम. दुपारी दार लोटलेले दिसले की शेजारीण विचारणार, बरे आहे ना? वाड्यातल्या सासूची नजर गेली आणि तिच्या जागी गॅलरीतल्या वीस जणींची आली. मात्र या दोन नजरांत फरक आहे. सासूला जाब द्यावा लागे; शेजारणीला उत्तर दिले तरी चाले, न दिले तरी चाले, आणि अडल्या वेळी तीच धावून येई. रात्री वडील मंडळी आणि मोठी मुले गॅलरीत वळकट्या टाकत, ती नव्या जोडप्याला खोली मिळावी म्हणून. चाळीतला एकांत हा असा शेजाऱ्यांच्या सौजन्यातून उसना मिळालेला असे.

या जीवनाचे मराठीतले सर्वश्रुत चित्र म्हणजे पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). हे चित्र रेखाटणाऱ्या लेखकाचे बालपण चाळीत गेले नव्हते. ते जोगेश्वरी आणि पार्ल्याला, म्हणजे उपनगरात गेले होते. आम्हाला यात विसंगती दिसत नाही, उलट एक खूण दिसते. पुस्तकाच्या अखेरीस जे ‘चिंतन’ येते, त्यात चाळ आधीच मावळू लागलेली आहे आणि हसण्याखाली हुरहूर आहे. हुरहूर लागण्यासाठी थोडे अंतर लागते. जी बाई रोज पहाटे चार वाजता नळावर बादली लावून उभी राही, तिने चाळीवर पुस्तक लिहिले असते, तर त्यात हुरहुरीचे प्रमाण बहुधा वेगळे असते. पु.लं.च्या पुस्तकाची थोरवी यामुळे उणावत नाही. परंतु चाळीचा सबंध इतिहास म्हणून ते वाचणे हे त्या पुस्तकावरही अन्यायाचे होईल.

५.

चाळीला पर्याय ‘ब्लॉक’चा होता. मुंबईच्या जुन्या बोलीत ‘खोली’ आणि ‘ब्लॉक’ या दोन शब्दांतले अंतर म्हणजे जवळजवळ दोन वर्गांतले अंतर. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५मध्ये सहकारी गृहसंस्था स्थापन केली. मुंबईतल्या सहकारी घरांची सुरुवात म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. ब्लॉकचा विशेष असा की स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास, सारे एका दाराच्या आत. परसाच्या टोकाला ज्याची जागा होती ते स्वयंपाकघराच्या भिंतीला आले, ही कल्पना जुन्या पिढीला पचायला बराच काळ लागला.

पुण्यात हे स्थित्यंतर एका दिवसाच्या तडाख्याने वेगात आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले आणि मुठेच्या काठच्या पेठांतले जुने वाडे पाण्यात कोसळले. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती वसल्या, गोखलेनगर त्यांपैकीच. त्याच सुमारास दोन कायदे झाले. १९६०चा सहकारी संस्थांचा आणि १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा. जमिनीशिवाय, तिसऱ्या मजल्यावरची हवेतली जागा विकत घेता येते, या कल्पनेला कायद्याची चौकट मिळाली. मग जे वाडे पुराने पाडले नव्हते तेही हळूहळू पडू लागले, कारण वाटणीसाठी चौक कापता येत नाही, सदनिका मात्र वाटता येतात. आमच्या डोंबिवलीच्या घराच्या बाबतीत नेमके हेच झाले.

मुंबईत चाळींचे काय झाले, हेही कायद्यानेच ठरवले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. पण मालकाने दुरुस्ती थांबवली आणि भाडेकरूने खोली सोडणे थांबवले. खोली पागडीवर फिरू लागली, आजोबांकडून नातवाकडे जाऊ लागली. आमच्या साहित्यातली चाळ इतकी स्थिर, इतकी पिढ्यान् पिढ्यांची दिसते, त्यामागे माणसांचा जिव्हाळा आहे तसा हा कायदाही आहे.

६.

मोठ्या घरातून निघून गेलेला माणूस काही दिवसांसाठी परत येतो तेव्हा काय होते, हे महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात दिसते. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आला आहे. घरच्यांच्या लेखी तो मुंबईकर, म्हणजे पैसेवाला. स्वतः सुधीरला आपली तारांबळ ठाऊक आहे. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडला आहे, तेरवीच्या गावजेवणाचा खर्च कोणी करायचा यावर भावाभावांत ओढाताण आहे. घर टिकवणारा भास्कर आणि घर सोडणारा सुधीर, दोघांनाही वाटते की दुसऱ्याचे बरे चालले आहे.

या नाटकावरच्या चर्चेत सरंजामी मूल्यांचा ऱ्हास हे शब्द हमखास येतात. आम्हाला या वेळच्या वाचनात प्रभा अधिक दिसली. या अविवाहित बहिणीला शिकायचे होते. वडिलांनी ते होऊ दिले नाही, कारण घरातली मुलगी बाहेरगावी एकटी कशी राहणार? एवढ्या मोठ्या वाड्यात प्रभाच्या पुस्तकांना जागा नव्हती. आणि पुढच्या पिढीतली रंजू मुंबईच्या ओढीने पळते, दागिने घेऊन पळते. तिचे जे होते ते फसवणुकीने होते. म्हणजे वाडा सोडला की मुक्ती, असे सोपे समीकरण नाटककाराने मांडलेले नाही. परंतु वाड्याच्या भिंती ढासळताना प्रभाला नक्की कशाचे दुःख व्हावे, हा प्रश्न नाटक आपल्यासमोर ठेवून जाते आणि त्याला उत्तर देण्याची घाई करत नाही.

७.

इथवर आम्ही ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्याजवळ सोडण्यासाठी मोठे घर होते. मराठी माणूस म्हटले की मागे एक वाडा असतोच, असे आपले साहित्य बराच काळ धरून चालले. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ते गृहीतक मोडले. अकोले तालुक्यातले धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना या दोन टोकांमध्ये ते आत्मकथन फिरते. गावातली जागा महारवाड्यात, गावकुसाबाहेर. मुंबईतली जागा एकेका खोलीत एकाहून अधिक बिऱ्हाडे कोंबलेली. ‘वाडा’ हा एकच शब्द, पण त्याला जात जोडली की त्याचा अर्थ उलटा होतो. या प्रवासात मोठे घर लहान झालेले नाही. येणाऱ्याला शहराने जागा फारशी दिली नाही. गर्दीत अनोळखी राहण्याची थोडी सवलत मात्र दिली.

आणि ज्यांना खोली मिळाली, त्यांचीही ती पुढे पुरी पडली नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावचा कणाच मोडला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) त्या पडझडीनंतरच्या एका खोलीत घडते. आई, तीन मुलगे, मुलगी. त्यांतल्या एकाला लेखक व्हायचे आहे आणि लिहायला कोपरा नाही. यमूला लहान जागेत जे मिळाले, ते या कुटुंबाला का मिळत नाही? कारण यमूच्या जागेत माणसे दोन-चार होती आणि उद्याची आशा होती. इथे तेवढ्याच जागेत पाच आयुष्ये अडकली आहेत आणि काम गेले आहे. लहान घर मुक्त करते, हा आमच्या लेखाचा निष्कर्ष असल्याचे कोणाला वाटत असेल, तर ‘अधांतर’ पुन्हा वाचावे. घराचे माप चौरस फुटांत घेतले तर हा फरक कळत नाही. आत किती माणसे आहेत, त्यांतल्या कोणाच्या नावावर कोणता कोपरा आहे आणि दार लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मोजावे लागते. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर अशी बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाची योजना आहे. २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांच्या हाती किल्ल्याही आल्या. तिथल्या आज्यांनी आत शिरल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, याचे आम्हाला कुतूहल आहे.

८.

सारांश मांडायचा तर असा. वाड्यात खोल्या पुष्कळ होत्या, पण आतली कडी थोड्यांच्याच हाती होती. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला कडी मिळाली, पण दार उघडे ठेवण्याची रीत होती. सदनिकेत कडी आहे आणि दार बंद ठेवण्याची रीतही आहे. या तीन पायऱ्यांवर दर वेळी काही गमावले गेले, काही कमावले गेले. गमावल्याचा हिशेब आपल्या साहित्याने भरपूर लिहिला, कारण लिहिणारे बहुतेक ओसरीवर बसलेले होते. कमावल्याचा हिशेब माजघरातल्यांकडे होता. तो रमाबाईंच्या आठवणींत, यमूच्या कहाणीत, प्रभाच्या घुसमटीत तुकड्यातुकड्यांनी सापडतो आणि जुळवून वाचावा लागतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातल्या आजीला किंवा आईला, तुझी झोपायची जागा कुठे होती, एवढाच एक प्रश्न विचारला, तर या विषयावर आमच्या लेखापेक्षा अधिक सामग्री एका वर्गात जमा होईल.

आमच्यापुरते सांगायचे तर आईची बाजूही पूर्ण गोड नाही. डोंबिवलीला विहिरीवर तिच्याशी बोलायला चारजणी होत्या. येथे शेजारच्या दारावरची पाटी वाचूनच शेजारी कळतात. नारळाच्या झावळ्यांचा आवाज नसल्याने पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही. आम्ही एकदा धीर करून विचारले, परत जावेसे वाटते का? ती म्हणाली, ‘विहिरीवर जावेसे वाटते. घरात नाही.’

रोज दुपारी दोन वाजता ती आपल्या खोलीत जाते आणि आतून कडी लावते. चार वाजता चहाला बाहेर येते. त्या दोन तासांत ती वाचते, झोपते की नुसती बसते, हे आम्हाला ठाऊक नाही. आणि विचारण्याचे आम्ही मुद्दाम टाळले आहे.